मंगळवारचे भाव

४ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. फोनवरचं त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, आणि तुझा-माझा आवाज फोनवर दोन मिनिटांत चढतो, तेव्हा पत्रंच बरी.

सहाव्या मजल्यावरची खोली, लिफ्ट, ऑफिसात चाकांची खुर्ची, रविवारी सुट्टी. सगळं समजलं. खोटं कशाला बोलू, वाचताना पोटात दुखलं. माझ्या नशिबी एक लाकडी स्टूल, त्याचाही एक पाय आखूड.

आमच्या रस्त्याच्या टोकाला तुमच्या कंपनीचं सुपरमार्केट उघडून वर्ष झालं. तेव्हा इथे किराण्याची पाच दुकानं होती. चार बसली. उरली मी. लोकही कसे बघ, तिकडून दोन्ही हातांत पिशव्या भरून आणतात आणि विसरलेली काडेपेटी घ्यायला माझ्याकडे येतात. समोरची शिवणवाली तर त्यांची पिशवी शिवायच्या कापडाखाली लपवून नेते. मला काय डोळे नाहीत? एवढी वर्षं उठता-बसता माझ्याकडे यायची. नवऱ्यानं दुसरं घर केलं तरी एवढं जळलं नसतं माझं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलं आहेस की अंगाचा साबण तुझ्याकडे बेचाळीसला आहे. इथे त्यांच्याच पाटीवर तोच साबण तीसला आहे. मला ठोकवाला बत्तीसला देतो! तुझ्या पत्रात आकडा चुकलाय की त्यांचं डोकं फिरलंय? तू त्याच कंपनीत भावांच्या खात्यात बसतेस, तेव्हा विचारून सांग.

असंच चाललं तर सहा महिन्यांत शटर ओढावं लागेल. बाबांनी बत्तीस वर्षं चालवलेलं दुकान माझ्या हातून बंद पडणार, आणि ते खुर्ची टाकून दारातच बसलेले असणार. ते मला बघवणार नाही.

तुझी ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

आकडा चुकलेला नाही. बेचाळीसच. नोकरांची सवलत कापून मला सदतीसला मिळतो, आणि त्या सवलतीसाठी आम्हाला वर्षातून एकदा भाषण ऐकावं लागतं.

कंपनी सगळीकडे एक भाव ठेवत नाही. आमच्यासमोर नकाशा असतो. जिथे जवळपास दुसरं दुकान चालू आहे, तिथे हिरवा ठिपका, भाव खाली. जिथे कुणी उरलेलं नाही, तिथे लाल ठिपका, भाव वर. माझ्या खोलीखाली पूर्वी तीन दुकानं होती म्हणे. आता तीन गंजलेली शटरं आहेत. लोकांना जायला दुसरी जागाच नाही, मग साबण बेचाळीसला का नसावा?

तुझ्या गावावर हिरवा ठिपका आहे. तो तुझ्या एकटीमुळे आहे, ताई. तू आहेस म्हणून तुझा अख्खा रस्ता स्वस्त खातो. तुझे भाव आम्हाला कसे कळतात तेही सांगते. दर मंगळवारी एक बाई येत असेल बघ. किरकोळ काहीतरी विकत घेते, पण नजर पाट्यांवर. ती टिपून पाठवते आणि गुरुवारी आमचे भाव तुझ्यापेक्षा खाली जातात.

एक सांगते, हे बाबांना वाचून दाखवू नकोस. तू स्टुलाचं रडगाणं गातेस, पण त्या स्टुलासाठी मी काय दिलं असतं! शाळेतून येऊन गोणीवर बसून वजनं करायला मी शिकले. पाढे मला यायचे, तुला सव्वीसचा अजून येत नाही. मी शिकायला बाहेर पडले आणि माझ्या पाठीमागे बाबांनी किल्ल्या तुझ्या हातात दिल्या. मला एका शब्दानं विचारलं नाही. इथे मी दिवसभर चाळीस गावांचे भाव ठरवते आणि त्यातल्या एकाही गिऱ्हाइकाचं तोंड मला माहीत नाही.

हे भावांचं कुठे बोलू नकोस. माझी नोकरी आहे.

तुझी धाकटी


२ एप्रिल

प्रिय धाकटे,

अगं, ती होय! निळ्या छत्रीवाली! मला वाटायचं हिचा ह्यांच्यावर डोळा आहे. दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला हजर, एक मेणबत्ती घेणार, इकडेतिकडे बघणार आणि ह्यांच्याकडे बघून हसणार. तुझं पत्र येईपर्यंत सहा मंगळवार मी ह्यांना दहाला पाच मिनिटं असताना मागच्या खोलीत डबे पुसायला पाठवत होते. डबे इतके चकचकीत झालेत की त्यात तोंड दिसतं. ह्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही, हेही मला संशयास्पदच वाटत होतं.

तू सांगितलंस ते ऐक मी कसं कामाला लावलं. मंगळवारी पावणेदहाला पाट्या बदलते. साबण एकोणतीस. साखर, चहा, तेल, सगळं पडेल भावात. टिपणवाली येते, टिपते, मेणबत्ती घेऊन जाते. ती वळणावर दिसेनाशी झाली की जुन्या पाट्या परत. आणि गुरुवारी तिकडे साबण अठ्ठावीसला! मग शिवणवालीला चार पिशव्या देऊन पाठवते. (तिच्याशी मी बोलायला लागलेय. गरज पडली की राग गिळावा लागतो.) ती खोकी उचलून आणते आणि मी तोच साबण एकतीसला विकते. ज्यांचे गुडघे दुखतात ते काही टोकापर्यंत चालत जात नाहीत. ठोकवाल्याला म्हटलं, तुझा बत्तीसचा साबण तूच लाव अंगाला.

दोन मंगळवारी मात्र ती असतानाच गिऱ्हाईक आलं आणि पाटीच्या भावानं द्यावं लागलं. हसत दिलं, आतून जीव जळत होता.

बाबांना सगळी गंमत दगडी पाटीवर लिहून सांगितली, ओरडून सांगितली तर रस्ता ऐकेल म्हणून. पोट धरून हसले. आई गेल्यापासून असे हसले नव्हते.

तुझी ताई


११ एप्रिल

प्रिय ताई,

हे थांबव. आजच्या आज.

तुझं गाव माझ्या चाळीसांत आहे, हे मी तुला लिहिलं नव्हतं. एकोणचाळीस गावं सरळ चाललीत आणि तुझं बुडतंय. साबण चोवीसवर आलाय. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या संगणकाचा पडदा फिरवून विचारलं, या गावात असा कोण मोठा व्यापारी बसलाय? मी काय सांगणार, माझी बहीण आणि एक शिवणवाली?

शिवाय तुझ्या लक्षात येतंय का, तू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेते आहेस. तू खाली गेलीस की आम्ही आणखी खाली जातो. गुडघे दुखणारे दहाजण तुझ्याकडे येतील आणि चांगले गुडघे असलेले सगळे कायमचे तिकडे जातील. चोवीसचा साबण मिळाल्यावर माणूस तिथूनच साखरही घेतो. तुझी चार खोकी कंपनी सहज सोसेल. तू किती दिवस सोसशील?

बाबा हसले ते वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या पत्रांवर ते कधी हसतात का?

तुझी धाकटी


१९ एप्रिल

प्रिय धाकटे,

जळतेस तू. सरळ सांग की.

तुझा साहेब तुला बोलला म्हणून मी माझं दुकान बुडू देऊ? वर्षभर तुझ्या कंपनीनं मला नाक मुठीत धरायला लावलं तेव्हा तू कुठे होतीस? चाकांच्या खुर्चीवर. माझ्या शेजारची चार दुकानं कुणी ठरवलेल्या भावांनी बसली, ते विचारलं का मी तुला? विचारत नाही. तुला उत्तर द्यावं लागेल म्हणून विचारत नाही.

आणि बाबांचं म्हणशील, तर ऐक. काल म्हणाले, "बरं झालं किल्ल्या तुला दिल्या. धाकटी हुशार खरी, पण पुस्तकातली. दुकानाला जी अक्कल लागते ती तुझ्याकडे आहे." मी विचारलं नव्हतं, आपणहून म्हणाले. तीस वर्षं हे ऐकायला मी कान टवकारून बसले होते. तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते ज्या तोंडानं माझ्याकडे बघायचे, ते तोंड मला अजून आठवतं.

सव्वीसचा पाढा मला येत नाही. बघ, काही अडलं का?

ताई


७ जून

प्रिय धाकटे,

दीड महिना झाला, तुझी एक ओळ नाही. राग नाकावर घेऊन बसली असशील. बस. पण इकडे काय झालंय ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगावं तर त्यांना तुमच्या कंपनीतलं काही ठाऊक नाही.

एप्रिल संपता संपता टिपणवाली यायची बंद झाली. मी दोन मंगळवार पाट्या लावून वाट बघत बसले. ह्यांनी आपणहून विचारलं, "आज ती बाई नाही का आली?" म्हणजे लक्ष होतंच! त्यावरून दोन दिवस घरात बोलाचाली नव्हती.

मे लागला आणि तिकडचे भाव चढायला लागले. साबण तीस, पस्तीस, आता एकेचाळीस. तेल तर विचारू नकोस. ठोकवाल्याच्या हातापाया पडून मी त्याला परत बोलावलं, आणि माझा साबण पस्तीसला ठेवला. साधा, सरळ, सातही दिवस तोच भाव. लोक परत येताहेत, धाकटे! चांगल्या गुडघ्यांचेसुद्धा. काल संध्याकाळी दुकानात सातजण एका वेळी उभे होते. बाबांनी खुर्ची आत ओढून घेतली, लोकांना वाट व्हावी म्हणून. त्यांनी मोजलं. मीही मोजलं.

शिवणवाली मात्र म्हणते, "त्यांनी तुझा नादच सोडला, तुला हिशेबातच धरत नाहीत." मी म्हटलं, पोटात दुखतंय तुझ्या. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. मला हिशेबात का धरत नाहीत? मी मेले की काय?

तुला काही माहीत असेल तर लिही. नसेल तर नुसतं खुशालीचं लिही.

तुझी ताई


१५ जून

प्रिय ताई,

मला माहीत आहे. ते मीच केलंय.

प्रत्येक दुकानाच्या ओळीपुढे आम्हाला एक शब्द निवडायचा असतो, चालू किंवा बंद. वीस-बावीस एप्रिलच्या सुमारास मी तुझ्यापुढे 'बंद' निवडलं. त्यासरशी टिपणवालीच्या यादीतून तुझं नाव गेलं, ठिपका लाल झाला आणि भाव चढले. तुझं दुकान वाचावं म्हणून केलं. तुला सांगितलं नाही, कारण तू ते गावभर सांगितलं असतंस.

आता अडचण अशी, की तुमच्याकडे सुपरमार्केटची विक्री घसरलीय आणि लाल ठिपक्याच्या गावात ती घसरत नसते. साहेबांना शंका आलीय. २५ तारखेला सकाळी ते स्वतः तिथे येऊन बघणार आहेत. दुकान चालू दिसलं की पहिला प्रश्न, बंद कुणी लिहिलं? दुसरा प्रश्न, त्या दुकानवालीचं आणि हिचं माहेरचं आडनाव एक कसं? नोकरी तर जाईलच, आणि भावांच्या खात्यातून असं काढलेल्या माणसाला दुसरीकडे कुणी उभं करत नाही.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. बाबांनी एक दिवस दुकान बंद ठेवलेलं नाही हे मला माहीत आहे. आई गेली त्या दिवशीसुद्धा दुपारनंतर उघडलं होतं. तुला फक्त कळावं म्हणून लिहिलं.

धाकटी


२७ जून

प्रिय धाकटे,

तुझा साहेब आला आणि गेला. सगळं पहिल्यापासून सांगते.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की दुकान बंद पडलंय असंच बोलायचं, कारण विचारायचं नाही. पाट्या काढल्या. बाहेरची बाकडी आत घेतली. शटरवर शिवणवालीनं दोन मुठी धूळ मारली, भारी हौसेनं. सकाळी सातला शटर मी स्वतः आतून खाली ओढलं. ओढताना जो आवाज झाला तो मी रोज ऐकते, पण सकाळी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं. तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर थोबाडीत दिली असती.

घरी थांबता आलं असतं, पण बाबा ऐकेनात. सकाळ झाली की त्यांना दुकानात यायचंच असतं. म्हणून आम्ही दोघं आत, अंधारात, गोण्यांच्या मध्ये बसलो. त्यांना हळू बोललेलं काही ऐकू येत नाही आणि बोलतात मात्र सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. बसल्या बसल्या ओरडले, "गिऱ्हाईक का येत नाही?" मी त्यांच्या तोंडावर हात धरला. मग टॉर्च लावून पाटीवर लिहिलं, गप्प बसा, धाकटीची नोकरी जाईल.

त्यांनी वाचलं. टॉर्च स्वतःच्या हातात घेऊन परत एकदा वाचलं. आणि सात ते अकरा, चार तास, ते माणूस आहेत की खांब हे कळू नये असे बसले. पाणी दिलं तर नको म्हणून मान हलवली, घोट घेताना आवाज होईल म्हणून. खोकला आला तो उपरणं तोंडात कोंबून गिळला, डोळ्यांतून पाणी आलं. माझ्यासाठी हा माणूस चार मिनिटं गप्प बसलेला नाही, धाकटे. मी बाळंतपणाच्या वेणा देत होते तेव्हा दाराबाहेर साखरेच्या भावाबद्दल बोलत होता. अंधारात त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दहाच्या पुढे साहेब आला. बूट वाजले. शटर दोनदा ठोठावलं. शिवणवाली धावत आली असावी. काय नाटक केलं म्हणून सांगू! "बंद झालं हो साहेब, केव्हाच. बाई तशी चांगली होती." होती! मी आत जिवंत बसलेय! साहेबानं विचारलं, का बंद झालं? तर म्हणाली, "बाईचं तोंड फटकळ. माणूस काडेपेटी घ्यायला गेलं तरी चार शब्द ऐकून यायचं. हिची एक धाकटी बहीण होती, गोड स्वभावाची, पाढे तोंडपाठ. ती असती तर चाललं असतं दुकान." सांगितलेलं फक्त बंद आहे एवढंच बोलायला. बाकी सगळं तिच्या मनातलं! मी ओठ चावून बसले. ओठाला अजून खूण आहे.

साहेबानं शटरचा फोटो काढला आणि गेला. दुपारी आम्ही उघडलं. उघडल्यावर पहिली शिवणवालीच आली आणि साबण मागितला. मी दिला. चार शब्द ऐकवले आणि मग दिला.

हे किती दिवस निभेल देव जाणे. पण तुझी नोकरी आहे आणि माझं दुकान आहे. आता तू मला एकच सांग. माझं ते पत्र गेलं १९ एप्रिलला, त्यात मी तुला काय काय लिहिलं होतं ते मला चांगलं आठवतं. तुला ते मिळालं असेल वीस-एकवीसला. आणि तू म्हणतेस 'बंद' लिहिलंस वीस-बावीसला, माझं दुकान वाचावं म्हणून. माझे पाढे कच्चे असतील, पण एवढी वजाबाकी मला येते. खरं काय ते लिही. मला वाईट वाटणार नाही. वाटलंच तर तेही कळवीन.

तुझी ताई


५ जुलै

प्रिय ताई,

तुला वाचवायला नाही केलं.

तुझं पत्र एकवीसला सकाळी निघताना मिळालं. लिफ्टमध्ये वाचलं. ऑफिसात गेले, गाव उघडलं, बाबांच्या दुकानाची ओळ काढली आणि 'बंद' निवडलं. मला ते तसं लिहिलेलं बघायचं होतं. बघून बरं वाटलं. तुला काय सांगू किती बरं वाटलं. पोटभर जेवले त्या दिवशी. ह्यानं तुझ्याकडचे भाव चढतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही, रोज दुसरं काही करत नसूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी नकाशावर ठिपका लाल दिसला तेव्हा लक्षात आलं की मी तुझं भलं करून बसले आहे. तेव्हा आणखी संताप आला.

खोडता आलं असतं. आठवडाभराच्या आत खोडलं तर कुणी विचारतसुद्धा नाही. रोज सकाळी ती ओळ उघडायचे, 'चालू'वर बोट न्यायचे आणि परत घ्यायचे. पहिले काही दिवस रागानं खोडलं नाही. शेवटचे काही दिवस तुझ्यासाठी खोडलं नाही. मधला दिवस कुठला, ते मला खरंच सांगता येत नाही.

बाबा चार तास गप्प बसले ते तू लिहिलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं. तू लिहिलंस.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझी चार दिवसांची रजा मंजूर झालीय. येऊ का? स्पष्ट लिही, उगीच बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तुझी धाकटी